पीएचडी झाली, सेट झाली. तासिकेवर अजून किती वर्षं?

मांजराकाठ :

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. या आठवड्यात नव्या वर्षाचा तासिकेचा आदेश हातात पडला आणि आता लिहायलाच हवं असं वाटलं.

मी वनस्पतिशास्त्राची. एमएस्सी, मग सेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा), मग पीएचडी; विषय बालाघाटच्या रांगांमधली गवतं. मराठवाड्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे मिळणाऱ्या सीएचबीवर शिकवते. विभागात मंजूर पदं चार. दोन सर निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. एका पूर्णवेळ पदाचं काम दोन सीएचबींना वाटून देतात, त्यामुळे त्या दोन जागांवर आम्ही चौघं. बाहेरून बघणाऱ्याला विभाग भरलेला दिसतो.

आठवड्याला नऊ तास, त्याच्यावर नाही. तासाला नऊशे धरले तर महिन्याला बत्तीस हजारांच्या आसपास होतात, पण ते कागदावर. गणपती, दिवाळी, विद्यापीठाच्या परीक्षा, युवक महोत्सव. ज्या दिवशी तास नाही त्या दिवशी पैसे नाहीत. आदेश निघतो ऑगस्ट-सप्टेंबरात, संपतो मार्च-एप्रिलमध्ये. उन्हाळा कोरडा. मिळतात तेही महिन्याच्या महिन्याला नाही. देयक उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात जातं, त्रुटी निघून परत येतं, मग अनुदान आलं की चार-पाच महिन्यांचं एकदम जमा होतं. तोवर उसनवारी.

प्रात्यक्षिकाचा दर तर आणखी खाली. परवा बीएस्सीच्या मुलांचं वनस्पतींची कुळं ओळखायचं प्रात्यक्षिक होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी माळावर जाऊन तरवड, धोतरा, रुई, आघाडा फुलांसकट तोडून आणले, रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. सकाळी सूक्ष्मदर्शकांच्या काचा पुसून टेबलं लावली, कारण प्रयोगशाळा परिचराचं पदही रिकामंच आहे. मुलांनी धोतऱ्याचं फूल उभं चिरून अंडाशय बघितलं, एकीने तर वहीत इतकं सुंदर काढलं की मी ते पान फोटो काढून ठेवलं. या सगळ्यातलं देयकात काय येतं? मुलं समोर बसली होती तेवढा वेळ.

मला हे काम मनापासून आवडतं, म्हणून तर विचारतेय. तीन गोष्टी कळाव्यात अशी इच्छा आहे. भरती खरोखर कधी होईल असं वाटतं? तासिकेवरचा अनुभव पुढे धरतात की नाही, कारण प्रत्येक जण वेगळं सांगतो. आणि जे सोडून गेले त्यांनी पुढे काय केलं? वय चाळिशीकडे चाललंय. घरचे बोलून दाखवत नाहीत, पण सासूबाईंच्या औषधांचे पैसे नणंदेने भरले की मला जेवण जात नाही.

देवगिरी :

ताई, अक्षरन् अक्षर खरं. मी इतिहासाचा, पलीकडच्याच जिल्ह्यात. आम्हाला दरवर्षी रुजू होताना हमीपत्र द्यावं लागतं की कायम नेमणुकीवर हक्क सांगणार नाही. दरवर्षी जाहिरात, दरवर्षी अर्ज, दरवर्षी मुलाखत, आणि दरवर्षी तीच माणसं. मधल्या सुट्टीत आम्ही 'बाहेरचे' असतो. पण नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फायली, प्रवेश समिती, परीक्षेचं पर्यवेक्षण, एनएसएसचं शिबिर, सगळीकडे आम्हीच. नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी मुलाखतीत नाव राहील याची खात्री नाही.

लग्नाच्या बैठकीत 'प्राध्यापक आहे' म्हणून सांगतात आणि पुढचा प्रश्न पगाराचा येतो, तेव्हा वडील खाली बघतात. याहून जास्त लिहवत नाही.

जुना खडू :

मी अनुदानित महाविद्यालयातून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं प्राचार्य होतो. आदेशांवर सह्या करणारा मीच असायचो, म्हणून या गोष्टीची आतली बाजू सांगतो. मोठं होईल, सांभाळून घ्या.

२५ मे २०१७ ला शासनाने पदभरती थांबवली. ३ नोव्हेंबर २०१८ ला ती अंशतः उघडली, रिक्त पदांच्या चाळीस टक्के, म्हणजे ३५८० पदं भरायला परवानगी. त्यातली १४९२ भरून होईपर्यंत कोविड आला आणि ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या निर्णयाने पुन्हा सगळं गोठलं. उरलेल्या २०८८ पदांना वाट मिळाली ती १२ नोव्हेंबर २०२१ ला. आता लक्षात घ्या, ही २०८८ म्हणजे नवी पदं नव्हती, २०१८ च्याच मंजुरीतली शिल्लक होती. आणि कार्यभार धरला होता १ ऑक्टोबर २०१७ च्या विद्यार्थिसंख्येवर. त्यानंतर दर ३१ मे आणि ३० जूनला निवृत्तीचे हार घालत आपण माणसं पाठवत राहिलो. त्यांच्या जागा कुठल्याच हिशेबात नाहीत. २०२५ मध्ये पुन्हा घोषणा झाल्या. पण घोषणा आणि रुजू होण्याचं पत्र यांच्या मधलं अंतर बाहेरच्यांना कळत नाही.

ते अंतर असं. आधी शासनाची मान्यता. मग महाविद्यालयाने कार्यभार तपासून घ्यायचा. मग बिंदूनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या आरक्षणाची याची यादी, मागासवर्गीय कक्षाकडून तपासून घ्यायची. त्यात एक बिंदू इकडचा तिकडे झाला की फाईल परत. मग सहसंचालकांकडून ना हरकत प्रमाणपत्र. मग विद्यापीठाकडून जाहिरातीच्या मसुद्याला मान्यता, मग जाहिरात, अर्ज, छाननी, मग निवड समितीसाठी कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञ यांच्या तारखा जुळायच्या. निवड झाली की विद्यापीठाची मान्यता, आणि शेवटी वेतनाला मान्यता. हे सगळं सुरळीत झालं तरी वर्ष जातं. मध्ये न्यायालयात कुणी गेलं, आरक्षणाचा नवा निर्णय आला किंवा आचारसंहिता लागली की पुन्हा पहिल्यापासून.

पण खरं कारण मला विचाराल तर पैशाचं आहे. नियमित सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. महागाई भत्ता, घरभाडे धरून महिन्याला लाखाच्या आसपास, वर्षाला बारा लाख. त्याच जागेवर दोन सीएचबी ठेवले आणि आठ महिने पूर्ण तास दिले तरी सव्वापाच लाखांच्या आत भागतं. सुट्ट्या वजा केल्या तर आणखी कमी. ज्या व्यवस्थेला निम्म्याहून कमी पैशात तोच वर्ग चालवता येतो, ती स्वतःहून जागा कशाला भरेल? सीएचबी ही मुळात कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कुणी अचानक गेलं, तर वर्ष वाया जाऊ नये म्हणून केलेली सोय होती. तिचंच धोरण झालं. मला याचा राग आहे आणि तो निवृत्तीनंतरही कमी झालेला नाही.

रोखठोक :

चर्चेत दुसरी बाजूही यायला हवी म्हणून लिहितो. मी उद्योगक्षेत्रात आहे, नोकरीसाठी माणसं निवडतो. पीएचडीधारकांची संख्या किती वाढली ते बघा. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात पीएचडीला नोंदणी केलेले २०१४-१५ मध्ये १ लाख १७ हजार होते, २०२१-२२ मध्ये २ लाख १२ हजारांवर गेले. तेवढ्या जागा कुठल्याही सरकारला निर्माण करता येणार नाहीत. शिवाय दर्जाचं काय? दहा प्रबंधांतल्या किती प्रबंधांनी त्या विषयात भर घातली, हे मार्गदर्शकांनी छातीवर हात ठेवून सांगावं. नोकरी मिळावी म्हणून पदवी घ्यायची आणि मग नोकरी मिळाली नाही म्हणून शासनाला दोष द्यायचा, हे मला पटत नाही.

गोंडवन :

@रोखठोक, दर्जाबद्दल तुमच्याशी भांडणार नाही. पैसे देऊन प्रबंध लिहून घेणारे मलाही माहीत आहेत आणि त्यांनी आमचंच नुकसान केलंय. पण संख्या वाढली ती कुणामुळे?

२०१८ च्या यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीत लिहिलं की १ जुलै २०२१ पासून विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी लागेलच. झालं, लोक धावत सुटले. नोकरी सोडून, दागिने गहाण ठेवून, लहान मुलं आजोळी ठेवून नोंदणी केली. मग कोविड आला, मुदत १ जुलै २०२३ पर्यंत वाढवली. आणि २०२३ ची ती तारीख येता येता नियम बदलला : नेट (सेटसारखीच देशपातळीवरची परीक्षा) किंवा सेट ही किमान पात्रता, पीएचडी ऐच्छिक. ज्यांनी या नियमावर आयुष्यातली पाच-सहा वर्षं लावली, त्यांना कुणी विचारलं का?

त्याच नियमावलीत छाननीचे गुणही आहेत. महाविद्यालयासाठी पीएचडीला २५, विद्यापीठासाठी ३०. एवढे गुण ठेवल्यावर कोण पीएचडीशिवाय अर्ज करेल? पदवी ऐच्छिक म्हणायची आणि यादीत वर यायला मात्र तीच लागते.

अजून एक. पीएचडी करताना मिळणाऱ्या केंद्राच्या जेआरएफ या फेलोशिपची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहे, वरिष्ठ फेलोला ४२,०००, घरभाडे वेगळं. म्हणजे माझा कनिष्ठ सहकारी शिकत असताना जेवढं घेतो तेवढं मला पदवी पूर्ण करून, त्याच विभागात बीए-एमएला शिकवून मिळत नाही. ज्या दिवशी तोंडी परीक्षा झाली, टाळ्या वाजल्या, पेढे वाटले, त्या दिवसापासून माझं उत्पन्न कमी झालं. गडचिरोलीच्या टोकाच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो मी. तिथे मी नसलो तर तो विषय शिकवायला कुणी येणार नाही, हे प्राचार्यही मान्य करतात. मग जागा जास्त की माणसं जास्त?

रोखठोक :

@गोंडवन, नियमांच्या धरसोडीबद्दलचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो रास्त आहे. फेलोशिपची तुलनाही विचार करायला लावणारी. तरीही माझं म्हणणं एवढंच की मुलांनी पीएचडीला जाताना फक्त प्राध्यापकी डोळ्यांसमोर ठेवू नये.

शासननिर्णय :

मांजराकाठ ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण याबाबत फार गैरसमज आहेत. मी नियम वाचणारा माणूस आहे, संघटनेच्या कामात हेच करतो.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाखतीला बोलावण्यासाठी जी गुणांची छाननी होते, त्यात शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला दोन असे जास्तीत जास्त दहा गुण आहेत. तिथे तुमचा अनुभव मांडा, आग्रहाने मांडा. दुसरी गोष्ट म्हणजे पूर्वीची सेवा पुढच्या थेट निवडीसाठी आणि पदोन्नतीसाठी मोजणं. २०१८ च्या नियमावलीतलं दहावं कलम त्यासाठी आहे. तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा धरायला त्यात अटी आहेत : पात्रता पूर्ण हवी, रीतसर निवड समितीने निवड केलेली हवी, आणि मिळणारं एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनापेक्षा कमी नसावं.

आता ही शेवटची अट पुन्हा वाचा. शासनानेच तासाचा दर ठरवायचा, नऊ तासांची मर्यादा शासनानेच घालायची, आणि पैसे कमी मिळाले म्हणून ती वर्षं मोजायची नाहीत. उद्या मांजराकाठ ताई कायम झाल्या तरी आजवरची सगळी वर्षं पदोन्नतीच्या हिशेबात शून्य धरली जाण्याची भीती आहे. माझ्या मते सगळ्या अन्यायांत हा सर्वांत मोठा, कारण हा पगाराच्या पलीकडे जाऊन केलेलं काम पुसून टाकतो.

त्याच नियमावलीत तेरावं कलम आहे. कंत्राटी अध्यापक एकूण अध्यापकांच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावेत आणि त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाइतकं वेतन द्यावं, असं तिथे स्पष्ट आहे. तासिकेवरचे आपण 'कंत्राटी' नाही, असं म्हणून ते कलम आपल्याला लावत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये यूजीसीने अतिथी अध्यापकांसाठी व्याख्यानाला १५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असं सुचवलं होतं, तेही आपल्याकडे पूर्णपणे आलेलं नाही.

थोडी उमेद देणारी गोष्ट : ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाजूने निकाल दिला. त्यांना महिन्याला ३०,००० रुपये मिळत होते, काम मात्र नियमित प्राध्यापकांचंच. किमान वेतनश्रेणी द्या, असं न्यायालयाने सांगितलं. तो निकाल आपल्याला जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणणार नाही. ते पूर्णवेळ कंत्राटी होते, आपण तासांवर. नेमका हाच फरक ठेवण्यासाठी आपल्याला नऊ तासांत बांधलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाऊलवाट :

इथे कुणीच ज्याबद्दल बोलत नाहीये ते मी बोलते. माझं नाव-गाव इथे नाही म्हणूनच बोलते.

समाजशास्त्रात नेट आणि पीएचडी. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका संस्थेत पूर्णवेळ अनुदानित पदासाठी मुलाखत होती. झेरॉक्स, बांधणी, साक्षांकित प्रती, संशोधनपत्रिकांचे अंक, सगळी फाईल उचलायला दोन हात लागत. मुलाखत दहा मिनिटांत आटोपली, तज्ज्ञांनी प्रबंधाचं शीर्षक विचारलं आणि पुढे सरकवलं. बाहेर आल्यावर संस्थेतले एक गृहस्थ बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमचं सगळं चांगलंय. पण संस्थेचीही काही अपेक्षा असते. घरची तयारी किती आहे?" आकडा त्यांनी बोटांनी सांगितला. चाळीसच्या पुढे. लाखांत.

आमची तीन एकर कोरडवाहू जमीन. माझ्या वडिलांनी रात्री विचारलं, विकू का. मी नको म्हटलं. त्यांनी ती विकायची तयारी दाखवली याचंच मला अजून वाईट वाटतं. ज्या मुलीने पहिल्यांदा घरात पदवी आणली, तिच्या नोकरीसाठी घरातली एकुलती एक जमीन जावी, असं कुणाला वाटत असेल तर त्याने डोळ्यांत बघून सांगावं.

वेतन शासन देतं, जनतेच्या पैशातून देतं. मग निवड संस्थेच्या हातात का? राज्याने आयोगामार्फत एकच परीक्षा आणि एकच गुणवत्ता यादी लावावी, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून लावून धरली पाहिजे.

देवगिरी :

पाऊलवाट ताई, हे लिहायला धाडस लागतं. आमच्याकडेही हेच. फरक असलाच तर आकड्यात.

जुना खडू :

आयोगाच्या मागणीला माझा पाठिंबा आहे, पण डोळे उघडे ठेवून. पश्चिम बंगालमध्ये महाविद्यालयीन अध्यापकांसाठी कॉलेज सर्व्हिस कमिशन आहे, तमिळनाडूत टीचर्स रिक्रूटमेंट बोर्ड आहे, म्हणजे हे होऊ शकतं. मात्र त्याच पश्चिम बंगालमध्ये शाळांच्या भरतीत आयोगाच्याच पातळीवर घोटाळा झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंचवीस हजारांहून अधिक नेमणुका रद्द केल्या. त्यात प्रामाणिकपणे लागलेलेही भरडले गेले. आयोग आणा, सोबत उत्तरपत्रिका, गुण, प्रतीक्षा यादी सगळं जाहीर करण्याची सक्तीही आणा. मुलाखतीचे गुण कमीत कमी ठेवा. दार बंद खोलीतल्या त्या दहा मिनिटांत जेवढे जास्त गुण, तेवढी पाऊलवाट ताईंनी सांगितलेल्या 'अपेक्षे'ला जागा जास्त.

म्हादई :

गोव्यातून. सेट आमची आणि तुमची एकच, पुणे विद्यापीठच घेतं. सरकारी महाविद्यालयांतली कायम पदं गोवा लोकसेवा आयोगातर्फे भरतात, त्यामुळे त्या बाजूला 'तयारी' विचारण्याचा प्रकार मी अनुभवला नाही. पण कंत्राटी आणि तासांवर काम करणारे आमच्याकडेही आहेत. सीमेपलीकडून, सिंधुदुर्गातून अर्ज करणाऱ्यांनी आधी जाहिरात नीट वाचावी : रहिवासाची आणि कोकणीच्या ज्ञानाची अट असते. माझ्या सावंतवाडीच्या मैत्रिणीचा अर्ज रहिवासावर अडला.

राईनकाठ :

मी जर्मनीत जीवशास्त्रात पोस्टडॉक. बाहेर सगळं आलबेल आहे अशी समजूत असते म्हणून थोडं लिहितो. इथे २००७ चा कायदा आहे, त्यानुसार विद्यापीठात मुदतीच्या करारावर पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं काम करता येतं. तोवर प्राध्यापकपद मिळालं नाही तर बहुतेकांना विद्यापीठच सोडावं लागतं, आणि कायम जागा फार थोड्या. २०२१ मध्ये 'मी हाना' (या कायद्यावरच्या सरकारी चित्रफितीतली काल्पनिक संशोधिका) अशा अर्थाच्या हॅशटॅगखाली हजारो संशोधकांनी याविरुद्ध आवाज उठवला होता.

तरीही दोन्हींची बरोबरी मी करणार नाही. माझा करार दोन वर्षांचा असला तरी पगार महिन्याच्या शेवटी येतो, सुट्टीतही येतो, आजारी पडलो तर विमा आहे. मांजराकाठ ताईंना आज कायमपद देता येत नसेल तरी बारा महिन्यांचा करार आणि दरमहा वेतन द्यायला कुणाची हरकत असावी?

सोडली एकदाची :

माझं रसायनशास्त्र होतं, पण बरोबरची एक मैत्रीण वनस्पतिशास्त्राची, म्हणून ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

मी बियाणं तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत आहे. पगार प्राध्यापकाइतका नाही, पण बारा महिने येतो, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. मैत्रीण जैवविविधतेच्या नोंदींचं काम करते. २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी लागते, पर्यावरण परिणामांच्या अहवालांनाही वनस्पती ओळखणारं माणूस लागतं. गवतं ओळखणारी माणसं तर फारच थोडी आहेत, कारण गवत ओळखणं सगळ्यात अवघड. ताई, तुमचा विषय तुम्हाला वाटतो त्याहून मोलाचा आहे. काम सलग मिळत नाही, हा तोटा आहे, तो लपवत नाही.

कनिष्ठ महाविद्यालयाचा मार्गही लोक सुचवतात. त्याला बीएड लागतं, अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, राज्याच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होते आणि सुरुवातीची तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिन्याला २०,००० रुपये. नंतर मात्र वेतनश्रेणी. पीएचडीनंतर बीएड करायला मन तयार होत नाही हे मला कळतं. माझ्या ओळखीच्या दोघांनी केलं आणि आज ते आपल्यापेक्षा निवांत आहेत.

सोडल्याचं दुःख? आहे. जून महिना आला की वर्ग आठवतो.

नवीन सदस्य_एमएस्सी :

मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेटचा, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायचा विचार होता. हा धागा वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्या विभागात सगळ्यात चांगलं शिकवणारे सर सीएचबीच आहेत, हे मला आजवर माहीतच नव्हतं. भरू की नको?

मांजराकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला सावकाश उत्तर देईन, आधी या मुलाला.

बाळा, संशोधनाची खरी ओढ असेल तर भर, पण फेलोशिप मिळाली तरच. जेआरएफचा प्रयत्न कर. बार्टी, सारथी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या राज्याच्या संस्थांपैकी जिथे पात्र असशील तिथे अर्ज कर. घरच्या पैशावर पीएचडी करू नकोस. आणि मार्गदर्शक निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेट, ते आज काय करतात ते विचार. आम्हाला हे सांगायला कुणी नव्हतं.

@शासननिर्णय सर, दहावं कलम मी आज पहिल्यांदा पूर्ण वाचलं. वाचून हात गार पडले. एक विचारायचं आहे : आमची निवड स्थानिक समितीने केलेली, पण आदेशांना विद्यापीठाची मान्यता आहे. त्याचा काही उपयोग?

@सोडली एकदाची, तुमच्या मैत्रिणीशी बोलायला आवडेल. माझ्याकडे गवतांचे वाळवलेले नमुने नीट नोंदी करून ठेवलेले आहेत, ते कामी आले तर आनंदच. या वर्षीचा आदेश मी घेतला आहे, मुलं अर्ध्यात सोडवणार नाहीत. पण मार्चनंतर बाहेरचं काम बघायला सुरुवात करणार, हे ठरलं.

@रोखठोक, फक्त प्राध्यापकीच डोळ्यांसमोर ठेवू नये हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. माझी तक्रार एवढीच की काम रोज आहे, वर्ग रोज भरतो, आणि ते काम करणाऱ्याचं पद मात्र कुठेच नाही.

जुना खडू :

निवृत्तीचा हिशेबही धरा. महाविद्यालयीन अध्यापकाची निवृत्ती साठाव्या वर्षी. नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन नाही. बेचाळिसाव्या वर्षी कायम झालात तर अंशदान साठवायला अठराच वर्षं मिळतात. म्हणून नोकरी लागेपर्यंत स्वतःचं थोडं थोडं बाजूला टाकणं गरजेचं आहे, उसनवारीत ते अवघड आहे हे माहीत असूनही सांगतो.

शासननिर्णय :

@मांजराकाठ, विद्यापीठाची मान्यता असलेला प्रत्येक आदेश सोन्यासारखा जपा. मान्यता नसेल तर छाननीत अनुभवाचे गुणही कापतात, हे मी पाहिलंय. सगळ्या सीएचबी बांधवांनी आणि भगिनींनी आत्ताच, प्राचार्य बदलण्याआधी, हे करून ठेवावं : प्रत्येक वर्षाची जाहिरात, निवड समितीचा अहवाल, नेमणुकीचा आदेश, रुजू अहवाल, विद्यापीठ मान्यतेचं पत्र, आणि देयकाच्या प्रती किंवा बँकेचा उतारा. अनुभव प्रमाणपत्रावर 'तासिका तत्त्वावर' याबरोबरच विषय, वर्ग, आठवड्याचे तास आणि पासून-पर्यंतच्या तारखा लिहून घ्या. 'समाधानकारक काम केले' एवढ्या एका ओळीच्या प्रमाणपत्राला छाननीत कुणी विचारत नाही.

जुने आदेश हरवले असतील तर माहिती अधिकारात विद्यापीठाच्या मान्यता विभागाकडे अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि दहाव्या कलमातल्या वेतनाच्या अटीतून तासिकेवरच्यांना वगळावं, असं निवेदन आम्ही संघटनेतर्फे तयार करतोय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी आपला विषय, जिल्हा आणि पहिल्या आदेशाचं वर्ष मला व्यक्तिगत निरोपात कळवा. महाविद्यालयाचं नाव लिहू नका, त्याची गरज नाही.